चार गुणांचा प्रश्न

प्रश्न पाचवा, अ.
'कथेतील कंदिलाच्या काचेचे प्रतीक स्पष्ट करा.'

बेलापूर, सेक्टर आठ. रात्रीचे साडेदहा.
सराव परीक्षेचे त्र्याऐंशी पेपर, एकोणतीस झालेत.
कथा जुनीच, वीस वर्षं शिकवतेय:
नवरा-बायको, पडवी, तिन्हीसांजा.
दोघं बोलतात भाताबद्दल, म्हशीबद्दल,
शेजाऱ्याने हात-दीड हात आत सरकवलेल्या कुंपणाबद्दल.
मध्ये कंदील काजळत जातो
आणि काच पुसायला कोणी उठत नाही.
एवढीच कथा.
मुलं दरवर्षी विचारतात, मॅडम, पुढचं पान फाटलंय का?

मुलं लिहितात:
काच म्हणजे नातं. एक गुण.
काजळी म्हणजे गैरसमज. आणखी एक.
वात म्हणजे स्त्री, ती जळत राहते –
हे गाइडमधलं, अकरा जणांनी उतरवलंय
गाइडमधल्याच चुकीसकट: 'वाट म्हणजे स्त्री'.
लाल पेनाने ट खोडून त करते,
दहा वेळा.
अकराव्याची तशीच राहू देते.

आतल्या लहान खोलीत हरेश शर्ट इस्त्री करतोय.
तिला आम्ही इस्त्रीची खोली म्हणतो.
बिल्डरच्या नकाशात त्या चौकोनात
दुसरा शब्द छापला होता.
भिंती फिकट पिवळ्या.
'पिवळा काय, कोणालाही चालतो,' रंगारी म्हणाला होता,
आणि आम्ही दोघांनी एकदमच
त्याला चहा विचारला होता.

आम्ही भांडत नाही.
सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलतो,
तळोज्याच्या त्याच्या कंपनीतल्या कँटीनबद्दल,
सकाळी खिडकीतून दिसणाऱ्या पारसिकच्या डोंगराबद्दल.
त्याची एक बाजू खदानीने खाल्लेली,
खरवडलेल्या पातेल्यासारखी.
'अर्धाच राहिला,' मी म्हणते.
'अर्धा तरी राहिला,' तो म्हणतो.
मग कोणीतरी दूध आत ठेवतं.

गॅसच्या पुस्तकाखाली एक खाकी पाकीट आहे.
आत फॉर्म. दोन सह्यांची जागा.
एक झालेली आहे.
कोणाची, ते सांगत नाही;
पेपर तपासणाऱ्याने उत्तर फोडू नये.

बैठक क्रमांक सत्तेचाळीस. अक्षर उजवीकडे कललेलं,
बस सुटेल म्हणून धावत लिहिल्यासारखं:
'मॅडम, काच ही काचच आहे.
कथेत कंदील होता म्हणून कंदील.
आमच्या घरी टीव्हीचा रिमोट असतो,
सोफ्यावर, मम्मी-पप्पांच्या मध्ये. सेल संपलेत, दोन महिने झाले.
त्या दोघांनी खरं काय ते नसतं बोललं तरी चाललं असतं.
निदान काचेबद्दल तरी बोलायचं.'

नमुना उत्तरात यातलं काही नाही.
गुणांचा चौकोन रिकामा ठेवते.
पेनाचं टोपण लावते, काढते.

इस्त्री बंद केल्याचा खटका.
गरम कापडाचा वास घेऊन हरेश येतो,
खांद्यावरून वाचतो. कथा-बिथा तो वाचत नाही.
दिवाळ्याच्या कोळीवाड्यात वाढला,
वडलांच्या होडीवरचा कंदील लहानपणी त्याच्याकडे असायचा.
'पेटता असतो तेव्हा काच लई तापते,' तो म्हणतो,
'लगेच पुसायला गेलं तर तडकते.
निवू द्यायला लागते.'

कथेबद्दल म्हणाला का, मी विचारलं नाही.
'किती वेळ?' एवढंच विचारलं.

त्याने विचार केला, खरोखरच केला,
जणू वारा कुठला आहे ते पाहत.
मग म्हणाला,
'फडकं काढून ठेव.'